पहिला गिअर

उस्तादाच्या गाडीला कुणीतरी घासून गेलं, आणि त्यापायी एका माणसाचा डोळा गेला.

झालं ते असं. रविवारची सकाळ होती. उस्ताद आपली जुनी स्पोर्ट्स कार घेऊन निघाला होता. दोनच सीटची, उघड्या टपाची, लांब नाकाची हिरवी गाडी. घरातल्या लेकीपेक्षाही वयानं मोठी. शेजारच्या सीटवर बायको होती. सिग्नलला एका टॅक्सीवाल्यानं पुढे घुसायच्या नादात गाडीचा आरसा मोडला. उस्ताद ओरडला नाही. शांतपणे उतरला, डिकी उघडली, जॅकचा दांडा काढला आणि टॅक्सीवाल्याला कॉलरला धरून खिडकीतून अर्धा बाहेर ओढला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. त्यानंतर तो माणूस ओरडायचा थांबला, पण उस्तादाचा हात थांबला नाही. लोकांनी मिळून त्याला मागे खेचलं तेव्हा टॅक्सीच्या दारावरून रक्त ओघळून रस्त्यावर टपटपत होतं. उस्ताद गाडीत येऊन बसला. बायकोच्या मांडीवरचा रुमाल उचलून त्यानं एकेक बोट पुसलं आणि म्हणाला, "ह्या मॉडेलचा आरसा आता शोधून मिळत नाही."

ट्रकच्या एका मोठ्या वर्कशॉपचा तो मुख्य मेकॅनिक. 'उस्ताद' हे नाव तिथलंच. कामाला वाघ, त्यात शंका नाही. पण घरी तो मांजराच्या पावलानं यायचा आणि त्याची चप्पल दारात कशी पडली यावरून मायलेकी आज काय वाढून ठेवलंय ते ओळखायच्या. बायको घरीच शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, पडदे, खुर्च्यांच्या गाद्या. तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. एकदा बाजारातून आल्यावर तिनं पिशवी त्या हिरव्या बॉनेटवर टेकवली होती, तेव्हापासून. लेक बस डेपोत इलेक्ट्रिशियन होती. तिथं तिला सगळे 'फ्यूज' म्हणत, कारण ती कधी उडेल याचा नेम नसायचा. एका कंडक्टरनं तिची थट्टा केली तेव्हा तिनं त्याला बॅटऱ्या चार्ज करायच्या खोलीत कोंडून वर कुलूप लावलं होतं. "हात आईचे, डोकं बापाचं," असं डेपोतले म्हणायचे. ते ऐकलं की तिला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

शिक्षा झाली त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात पोलिसांच्या मधून मान वळवून उस्ताद दोघींना एवढंच म्हणाला, "गाडीला हात लावाल तर हात मोडून देईन."

लेक घरी आली ती थेट गॅरेजमध्ये. घराला लागूनच गॅरेज होतं. आतून स्वयंपाकघरात उघडणारं दार, समोर रस्त्यावर शटर. तिनं गाडीवरचं कापड ओढून फेकलं, ग्राइंडरची पिन लावली आणि पात्याची कड सरळ दरवाज्याच्या पत्र्याला भिडवली. ठिणग्यांचा पाऊस पडला. हिरवा रंग जळून पांढरा पत्रा उघडा झाला.

आईनं पिन उपटली.

"मध्ये पडू नकोस आई. भंगारात घालते हिला. तुकडे तुकडे करून."

"कापू नकोस," आई म्हणाली. "मला दे."

"तुला? काय करणार तू?"

"चालवणार." आईनं कापलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं, धार लागली तसं चोखलं. "इतकी वर्षं शेजारच्या सीटवर दाराचा हँडल धरून बसले. काच खाली करायला विचारावं लागायचं. आता मला त्या बाजूला बसायचंय."

लेकीला आधी हसू आलं. मग आईचं तोंड बघून ते विरलं.

तशी सुरुवात झाली. लेकीनं डॅशबोर्ड उघडला आणि कपाळाला हात लावला. कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी. बोट लावलं की वेष्टणाचा भुगा होऊन खाली पडायचा. उंदरांनी अर्ध्या खाल्लेल्या. अख्ख्या गाडीला मिळून दोन फ्यूज. "ही आजवर पेटली कशी नाही, याचंच नवल," ती म्हणाली. आई म्हणाली, "भीत असेल त्यांना."

जुनं वायरिंग त्यांनी तोडलं नाही. सगळी टोकं सोडवून, माशाचा काटा अखंड काढावा तसं ते बाहेर ओढलं आणि जेवायच्या टेबलावर पसरलं. एक जुनं दार आडवं टाकून लेकीनं त्याच मापानं त्यावर खिळे ठोकले आणि खिळ्यांमधून नवीन वायरी ओढल्या. इथून हेडलाइट, इथून हॉर्न, इथून मागचे दिवे. तिनं दिव्यांना वेगळे रिले दिले, म्हणजे सगळा करंट एका बिचाऱ्या बटणातून जाणार नाही. आणि प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज. वायरींच्या जुडीवर कापडी पट्टी गुंडाळायचं काम आईचं. ती पट्टी अशी बसवायची की पीळ कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते दिसू नये. "बाहीची पट्टी आणि हे, एकच," ती म्हणायची. त्या दिवसांत दोघी टेबलाच्या कोपऱ्यात ताट ठेवून जेवल्या.

गाडी जशीच्या तशी ठेवायची नाही, हे दोघींचं न बोलता ठरलं होतं. जुनं इंजिन काढून अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं बसवलं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. डायनॅमो गेला, बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर आला. आई ठेंगणी, तिचे पाय पेडलपर्यंत पुरेनात, म्हणून लेकीनं सीटचे रूळ कापून पुढे वेल्ड केले. आईनं सीटांना तपकिरी कातडं शिवलं. हिरवा रंग खरवडून त्यावर फिकट पिवळा मारला. उस्तादाची म्हणून ओळखावी अशी एक खूण त्या गाडीवर उरली नाही.

पहिल्यांदा बॅटरी जोडली तेव्हा हॉर्न दाबला की वायपर नाचायचे आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर डोळा मारायचा. आई स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसली. त्या घरात इतक्या मोठ्यानं कुणी हसल्याचं लेकीला आठवत नव्हतं. चूक साधी होती. नव्या रंगावरच लेकीनं अर्थिंगची वायर आवळली होती; रंगामुळे ती पत्र्याला भिडतच नव्हती आणि करंट आडवाटेनं घरी जायला बघत होता.

"अर्थच लागत नाहीये गाडीला," लेक म्हणाली.

"मग खरवड की रंग," आई म्हणाली. "वरवरच्या रंगावर संसार टिकतो होय?"

बंद पडलेल्या एका गोदामाचं अंगण होतं, तिथं आई गाडी शिकली. पहिल्या गिअरला गाडी बेडकासारखी उडी मारायची. "क्लच हळू सोड! नाही तर ती तुझं ऐकणार नाही, उडी मारेल," लेक ओरडायची. आई दात आवळून पुन्हा लावायची. महिना उलटायच्या आत ती गोल चक्कर मारून गाडी शटरमधून आत घालायला लागली. तिनं परवान्याची परीक्षाही दिली आणि पास झाली.

उस्ताद मुदतीच्या आधीच सुटला. चांगली वर्तणूक. कुणी कळवलं नाही.

दुपार होती. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, इंजिन चालू होतं; अल्टरनेटर नीट चार्ज करतोय का ते बघत होत्या. गाडी नाक भिंतीकडे करून उभी. आई स्टिअरिंगवर, लेक शेजारच्या बाजूनं उताणी आत शिरलेली, डोकं डॅशबोर्डखाली, पाय उघड्या दारातून बाहेर. हातात मीटर.

"दिवे लाव," ती खालून म्हणाली. "आता बंद कर. परत लाव."

दिवे लागले नाहीत.

"आई? लाव की."

आईचा हात बटणावर तसाच थिजला होता. स्वयंपाकघराच्या दारात उस्ताद उभा होता. बारीक झाला होता, केस कापलेले, हातात कपड्यांची पिशवी. तो गाडीकडे बघत होता, आणि आधी त्याला ती ओळखूच आली नाही. मग ओळख पटली. पिशवी त्यानं हळूच जमिनीवर ठेवली.

तो वळसा घालून लेकीच्या बाजूला आला आणि उघडं दार दोन्ही हातांनी तिच्या नडग्यांवर आपटलं.

लेक किंचाळली. तिनं पाय आत ओढायला बघितलं. त्यानं दार उघडून पुन्हा आपटलं. मग घोट्याला धरून तिला बाहेर खेचलं. तिचं डोकं गाडीच्या दाराखालच्या पत्र्यावर आदळून कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं. तिनं आंधळ्यासारखी लाथ मारली, ती त्याच्या पोटात बसली, तो मागं धडपडला. हाताला लागला तो पाना तिनं उचलला आणि उठता उठता त्याच्या गळपट्टीच्या हाडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला.

"बाबा, मागं सरा! मारून टाकीन!"

तो हसला. खरंच हसला. डावा हात लोंबत होता तरी त्यानं उजव्यानं तिचं मनगट पकडलं आणि असं पिरगाळलं की पाना खाली पडला. भिंतीच्या कडेला कामाचं टेबल होतं, त्यावर लोखंडी वाइस. पाइप, पट्टी, जे काय कापायचं ते आवळून धरणारा तो जबडा. उस्तादानं तिला त्या टेबलावर खांद्यानं दाबली, तिचा उजवा पंजा त्या जबड्यात कोंबला आणि दांडा फिरवला.

"सांगितलं होतं की नाही?" तो म्हणाला. दांडा फिरवला. "हात लावू नका म्हणून. काय सांगितलं होतं?" दांडा फिरवला.

बोटं मोडली. लेकीच्या तोंडातून आवाजच निघेना. ती वाइसला हातानं टांगल्यासारखी लोंबकळली.

आई तोपर्यंत स्टिअरिंगवरच होती. तिला वाटलं होतं आपण ओरडतोय. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. नेहमी असंच व्हायचं. तो मारायचा, ती जिथं असेल तिथं दगड व्हायची, आणि सगळं झाल्यावर फडकं घेऊन पुसायला लागायची.

उस्ताद लेकीला तशीच सोडून कोपऱ्यातला घण घेऊन गाडीसमोर आला. एका हातानंच त्यानं तो फिरवला. हेडलाइट फुटला, काचा भिंतीवर उडाल्या. "पिवळी," तो म्हणाला. "पिवळी केली माझी गाडी." त्यानं मान वर करून पहिल्यांदाच बायकोकडे नीट बघितलं. "आणि तू कुठं बसलीयेस? हं? उतर. उतर खाली. हिचं झालं की तुझे दोन्ही हात घालतो त्या वाइसमध्ये."

त्यानं पुन्हा घण उचलला.

आईनं क्लच दाबला. पहिला गिअर टाकला. आणि क्लच सोडला; हळू नाही, एकदम.

गाडीनं उडी मारली. त्याच्यात आणि भिंतीत हातभरच जागा होती. गाडीच्या नाकानं त्याला मांड्यांवर घेतलं आणि भिंतीला चेपलं. घण बॉनेटवर पडून घरंगळला. गाडी बंद पडायला हवी होती, शिकताना दर वेळी पडायची, पण आता आईचा पाय सरावला होता; तिनं क्लच निम्मा दाबून धरला आणि ॲक्सिलरेटर सोडला नाही. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. रबर जळाल्याचा धूर गॅरेजभर झाला.

उस्ताद ओरडला. माणसाचा असा आवाज दोघींनी कधी ऐकला नव्हता, आणि त्याच्या तोंडून तर नाहीच.

लेकीनं डाव्या हातानं वाइसचा दांडा गाठला. उलटा फिरवायचा की सुलटा, तेच तिला सुचेना. आधी आणखी आवळला गेला. मग सुटला. पंजा बाहेर आला तो पंजा म्हणवत नव्हता. छातीशी धरून ती गाडीपर्यंत सरपटत गेली.

"आई, क्लच दाब! मागं घे!"

आई ऐकत नव्हती. ती समोर बघत होती.

"ए," उस्ताद म्हणाला. त्याच्या तोंडातून फेस येत होता. "ऐक. ऐक गं. मागं घे गाडी. पाय गेले माझे. ऐकतेस ना?"

"ऐकतेय," आई म्हणाली. "उजव्या कानानं."

"मागं घे. मी काही करणार नाही. शपथ."

"तू काय करशील?" आई म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्याला 'अहो-जाहो'च करत आली होती. लेकीनं चमकून तिच्याकडे बघितलं. "सांग ना. आता काय करशील तू? बोल." आणि तिनं पाय आणखी दाबला.

त्याचे डोळे वर गेले. भिंतीवरचा गिलावा ढासळून त्याच्या डोक्यावर पडला.

लेकीनं दारावरून अंग आत टाकून डाव्या हातानं किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. त्या शांततेत रेडिएटरमधून पाणी ठिबकत होतं, आणि पाण्याबरोबर दुसरंही काहीतरी. गाडी गिअरमध्ये होती, हलेना. लेकीनं गिअर काढला, खांदा लावून रेटलं. आई उतरली, तिनंही रेटलं. गाडी मागं सरली तसा उस्ताद भिंतीवरून घसरत खाली बसला, आणि त्याचे पाय चुकीच्या दिशांना पडले.

आईनं शिवणाच्या खोलीतून पट्टी आणली आणि त्याच्या मांड्या करकचून बांधल्या. मग लेकीचा हात ओल्या टॉवेलात गुंडाळला. अँब्युलन्सला फोन तिनंच केला. पत्ता सांगताना तिचा आवाज दुकानदाराला माप सांगतानासारखाच होता.

तपासाला आलेला फौजदार भला माणूस होता. टॅक्सीवाल्याची केस त्यानंच केली होती. दवाखान्याच्या बाकावर तो मायलेकींच्या शेजारी बसला. लेकीचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके.

"बाई, मी सरळ बोलतो," तो आईला म्हणाला. "तुम्ही नवशिक्या. गाडी घरी जोडलेली. ब्रेक लागला नाही, गाडी उडाली. अपघात. असं लिहिलं तर कुणी वाकडं बघणार नाही. त्या माणसाला मी ओळखतो."

लेक घाईघाईनं म्हणाली, "हो. तसंच झालं. ब्रेक माझ्याकडूनच कच्चा राहिला. मी सांगते तसं. लिहा."

"गप्प बस," आई म्हणाली.

"आई, तुला कळत नाही—"

"कळतंय. ब्रेक कच्चा होता म्हटलं की उद्या डेपोत तुझ्या हाताखालून गेलेल्या एकेका बसकडे लोक बोट दाखवतील." ती फौजदाराकडे वळली. "साहेब, गाडीत काही खोट नव्हती. माझ्या लेकीनं केलेली गाडी आहे. ब्रेक जिथं दाबाल तिथं लागतो. मी दाबला नाही."

"घाबरून?"

आईनं विचार केला. "गाडी अंगावर घातली ती घाबरून. लेकीला मारत होता म्हणून. पण नंतर धरून ठेवली ती घाबरून नाही. तेव्हा भीती गेली होती."

फौजदारानं पेन खिशाला लावलं, पुन्हा काढलं. "हे शेवटचं मी ऐकलं नाही म्हणालो तर?"

"मग दुसऱ्या कुणाला ऐकायला पाठवा," आई म्हणाली.

उस्तादाचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला. डावा राहिला, पण नावापुरता. तो शुद्धीवर आल्याचं कळलं तेव्हा लेक त्याला बघायला वरच्या मजल्यावर गेली. का गेली, ते तिला नीट सांगता आलं नसतं. कदाचित तो आता काय म्हणतो ते ऐकायला.

तो छताकडे बघत पडला होता. तिला बघून म्हणाला, "क्लच प्लेट जाळली असणार तिनं."

लेक पलंगाजवळ गेली.

"उठलो की बघतो दोघींना," तो म्हणाला. "हातांवर चालत येईन. तिला सांग. दुसरा कानही फोडीन म्हणावं."

चादर जिथं सपाट होती तिकडे लेकीनं बघितलं. आणि तिचा हात उठला. डावा, चांगला हात. तिनं त्याच्या कानशिलात लगावली. इतक्या जोरात की उशी सरकली आणि सलाइनची नळी हिंदकळली. तो आजारी होता, पट्ट्यांनी बांधलेला होता, हलू शकत नव्हता. तिनं दुसरीही लगावली. दुसरी पहिलीपेक्षा सोपी गेली.

उस्ताद हसला. ओठातून रक्त येत होतं आणि तो मनापासून हसला. "शाब्बास," तो म्हणाला. "आहेस खरी माझी."

नर्स धावत आली तेव्हा लेक व्हरांड्यातल्या बेसिनमध्ये ओकत होती.

कोर्टानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. गाडी अंगावर घालणं हे लेकीचा जीव वाचवण्यासाठी होतं, तो गुन्हा धरला नाही. पण नंतर, माणूस हलू शकत नसताना, लेक ओरडून सांगत असताना, गाडी रेटून धरणं. त्याला न्यायाधीशांनी गुन्हा म्हटलं. वकील आईला हळूच म्हणाला होता, "तुम्ही तेवढं बोलला नसता तर." आईला थोडी शिक्षा झाली. तिनं ती मान हलवून ऐकली, जशी एखाद्या गिऱ्हाइकाची रास्त तक्रार ऐकावी.

उस्तादावर लेकीला जखमी केल्याचा खटला झाला आणि तो चाकाच्या खुर्चीवरूनच परत तुरुंगात गेला, तिथल्या दवाखान्यात. काही दिवसांनी तिथल्याच एका कैद्यानं त्याला खुर्चीसकट जिन्यावरून ढकलून दिलं. तो वाचला. त्यानंतर मात्र त्याला बोलता येईना. त्याच्या भावानं पुढं त्याला आपल्या घरी नेलं. लेक एकदाही गेली नाही.

आईला भेटायला ती न चुकता जायची. मधे जाळी असायची. आई तिथं शिवणाच्या खात्यात होती, बायकांना काजं करायला शिकवत होती. एकदा बोलता बोलता लेकीनं दवाखान्यातली गोष्ट सांगितली. तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

"मारलं मी त्यांना. बांधलेले होते आणि मारलं. बरं वाटलं मला, आई."

आई जाळीजवळ सरकली. मग विचारलं, "जोरात लागली?"

"हो."

"किती?"

"दोन."

"मी किती वेळ धरून ठेवली ते कोर्टानं मोजलं," आई म्हणाली. "मलाही बरंच वाटत होतं. तुझ्या हातानं किल्ली फिरवली नसती तर मी भिंत पाडली असती. हे आपल्या दोघींत आहे. ह्याला कुणाचं डोकं आणि कुणाचे हात म्हणून हात झटकता यायचे नाहीत."

"मग काय करायचं?"

"फिरवायची किल्ली. वेळेवर. मी विसरले तर तू, तू विसरलीस तर मी." तिनं जाळीला बोट लावलं. "तुझा हात दाखव."

लेकीनं पंजा वर केला. मधली दोन बोटं वळत नव्हती. डेपोनं तिला परत घेतलं होतं. बारीक काम ती आता डाव्या हातानं करायची आणि उजवा पक्कड धरायच्या कामाला. नवीन आलेलेही तिला 'फ्यूज'च म्हणत. ती आता उडत नव्हती, निदान डेपोत नाही. घरी एकदा तिनं वायरीच्या जोडाला सोल्डर लागेना म्हणून अख्खी खुर्ची भिंतीवर फोडली होती. ते तिनं आईला सांगितलं नाही. मग सांगितलं.

आई सुटली त्या दिवशी लेक तिला आणायला बसनं गेली. घरी आल्यावर आई सगळ्या खोल्यांतून फिरली. गॅरेजच्या दाराशी थांबली. आत गाडी होती, पोलिसांच्या आवारातून सोडवून आणलेली. इतके महिने उघड्यावर राहून पिवळा रंग फुगला होता, नाक चेपलेलं, एक डोळा फुटका. भिंतीवरचा गिलावा लेकीनं नवा केला होता.

"चालू होते?" आईनं विचारलं.

"होते. उंदरांनी मागची वायर खाल्लीय थोडी. नाकाचा पत्रा ठोकून घ्यावा लागेल."

"ठोकू," आई म्हणाली. "आज नको."

तिनं हात-पाय धुतले, दोन घास खाल्ले आणि आतल्या खोलीत गेली. त्या मोठ्या पलंगावर ती आयुष्यभर भिंतीकडच्या कडेला अंग चोरून झोपत आली होती. लेक पाणी ठेवायला गेली तेव्हा भर दुपारी, उघड्या खिडकीच्या उजेडात, आई पलंगाच्या मधोमध पसरून घोरत होती. चांगला कान उशीत दाबलेला, वर राहिलेला तो ऐकू न येणारा. लेकीनं तांब्या ठेवला आणि दार न ओढता बाहेर आली.